शाळेची बस आणि थकलेले बिल

(शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी, मुख्याध्यापक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात. सकाळी साडेसहाच्या सुमारास पिवळी बस फाट्यावर येऊन उभी राहते, मुले चढतात, मदतनीस बाई दार लावून घेते आणि पालक निर्धास्त मनाने घरी परततात. त्या बसचे पुढचे दोन टायर नवे आहेत की घासलेले, ब्रेकचे काम सुटीत झाले की दिवाळीवर ढकलले गेले, चालकाला मे महिन्याचा पगार मिळाला की नाही, हे प्रश्न त्या वेळी कोणाच्या मनात येत नाहीत. परंतु या तिन्ही प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा एकाच ठिकाणी, म्हणजे शाळेच्या कार्यालयातील एका फायलीत असते. बसमालकाने दिलेले मार्च महिन्याचे बिल त्या फायलीत सहीची वाट पाहत पडलेले असते.

विद्यार्थी वाहतुकीविषयी बोलताना आपल्याकडे सुरक्षिततेच्या नियमांची चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये स्कूल बससंबंधी स्वतंत्र नियम केले. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेची परिवहन समिती असावी, शाळा आणि बस ठेकेदार यांच्यात लेखी करार असावा, गाडीत अग्निशामक व प्रथमोपचार पेटी असावी, अशा तरतुदी त्यांत आहेत. परंतु नियम पाळण्यास पैसा लागतो, आणि तो वर्षाच्या शेवटी मिळून भागत नाही, ज्या दिवशी टायर बदलावयाचा त्या दिवशी तो हातात असावा लागतो. बसमालकाच्या या खेळत्या पैशाचा प्रश्न, आणि बिलाची रक्कम हाती येण्यापूर्वीच तिचा उपयोग करून घेण्याची 'फॅक्टरिंग' नावाची पद्धत, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

खर्च बारा महिने, उत्पन्न दहा महिने

तालुक्याच्या ठिकाणचा एक बसमालक डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या आठ गाड्या एका शिक्षणसंस्थेच्या शाळेसाठी ठेक्याने धावतात. पालकांकडून शुल्क शाळाच घेते आणि दर गाडीमागे दरमहा ४५,००० रुपये मालकास देते, असे समजू. म्हणजे महिन्याचे बिल ३,६०,००० रुपये झाले. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत; गावपरत्वे आणि अंतरपरत्वे ते बदलतील.

आता त्याचा खर्च पाहावा. डिझेल रोजचे. पंपवाला ओळखीचा असला तर आठवड्याची उधारी ठेवतो, पंधरवड्याची ठेवीत नाही. चालक आणि मदतनीस यांचे पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावेच लागतात, कारण अनुभवी चालक दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीवर जाऊन बसतो. कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेस बँकेतून आपोआप वळता होतो, खात्यात रक्कम नसेल तर दंड बसतो आणि पत बिघडते ती वेगळीच.

उत्पन्नाची चाल निराळी आहे. जुलै महिन्याचे बिल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळेत जाते. लिपिक ते फेऱ्यांच्या नोंदीशी ताडून पाहतो. मुख्याध्यापकांची शिफारस होते, मग ते संस्थेच्या कार्यालयात जाते, आणि तेथे कोषाध्यक्ष व चिटणीस या दोघांच्या सह्या लागतात. कोषाध्यक्ष परगावी असले तर आठ दिवस वाढतात. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नव्हे. काम करण्याची रीतच तशी पडून गेलेली असते. बिल दिल्यापासून साठ दिवसांनी रक्कम मिळते असे धरले तर कोणत्याही दिवशी मालकाचे दोन महिन्यांचे, म्हणजे ७,२०,००० रुपये शाळेकडे अडकलेले असतात. वहीत नफा दिसतो आणि पेटीत खडखडाट असतो. अशा वेळी जो खर्च पुढे ढकलता येतो तोच प्रथम ढकलला जातो. पगार ढकलता येत नाही, हप्ता ढकलता येत नाही, डिझेल तर नाहीच. ढकलता येते ती देखभाल. ब्रेकचे लायनर आणखी एक महिना चालेल असे कारागीर म्हणतो, आणि मालक ते आनंदाने ऐकतो.

यावर भर म्हणून उन्हाळा येतो. एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत गाडी उभी असते आणि बहुतेक करारांत त्या काळाचे भाडे नसते. पण हप्ता आणि विमा या कालावधीत थांबत नाहीत. उलट टायर, रंगकाम, योग्यता प्रमाणपत्रासाठी करावयाची दुरुस्ती हे सर्व मोठे खर्च नेमके याच सहा-सात आठवड्यांत येतात, कारण गाडी मोकळी असण्याची वेळ तीच. म्हणून शालेय वाहतुकीचा धंदा इतर वाहतुकीहून वेगळा आहे. मालट्रकवाल्याला एखादा महिना मंदीचा जातो. स्कूल बसवाल्याचे उत्पन्न दरवर्षी पंचांगातल्या तिथीसारखे ठरलेल्या दिवशी थांबते.

बिल विकणे म्हणजे काय

फॅक्टरिंग हा शब्द परका वाटतो. मराठीत त्यास रूढ झालेला प्रतिशब्द नाही. 'येणे रकमेची विक्री' किंवा साधेपणाने 'बिल विकणे' असे म्हणता येईल. शब्द परका असला तरी व्यवहार परका नाही. सतराव्या शतकात सुरत, राजापूर येथील इंग्रजांच्या वखारींत जे व्यापारी अधिकारी असत त्यांना 'फॅक्टर' असेच म्हणत. दुसऱ्याच्या वतीने माल विकणारा, वसुली करणारा मुनीम असा त्याचा अर्थ. त्या फॅक्टरांची जागा ती 'फॅक्टरी', आणि आपल्या भाषेत वखार. आपल्याकडील सराफ आणि पेढीवाले तर फार पूर्वीपासून मुदती हुंडी मुदतीआधी विकत घेऊन, कसर कापून, रोख रक्कम देत आले आहेत.

ग्रामीण भागातील श्रोत्यांना बाजार समितीच्या आवारातील उदाहरण अधिक जवळचे वाटेल. शेतकरी कांदा घेऊन येतो, लिलाव होतो, घेणारा व्यापारी काही दिवसांनी पैसे देणार असतो. अडत्या मात्र शेतकऱ्याच्या हातात पट्टीप्रमाणे रक्कम ठेवतो आणि व्यापाऱ्याकडून आपली वसुली मागाहून करतो. शेतकऱ्याला त्या दिवशीच खताची आणि मजुरीची देणी भागवता येतात. फॅक्टरिंगमध्ये वित्तसंस्था बसमालकासाठी जवळजवळ हेच करते. फरक एवढाच की अडत्या माल विकून देतो. वित्तसंस्था विक्रीच्या भानगडीत पडत नाही, झालेल्या सेवेचे येणे तेवढे विकत घेते.

भारतात या पद्धतीला रीतसर रूप येण्यास वेळ लागला. रिझर्व्ह बँकेने १९८८ मध्ये कल्याणसुंदरम समिती नेमली, तिच्या शिफारशीनंतर १९९१ मध्ये स्टेट बँक आणि कॅनरा बँक यांच्या पुढाकाराने या कामासाठी स्वतंत्र कंपन्या निघाल्या. पुढील वीस वर्षांत हे काम फारसे पसरले नाही. बिलाच्या हस्तांतरणावर लागणारे मुद्रांक शुल्क हे त्याचे एक कारण होते, आणि विकलेले बिल वसूल करण्याचा वित्तसंस्थेचा हक्क नेमका किती, याविषयीची संदिग्धता हे दुसरे. २०११ च्या फॅक्टरिंग नियमन कायद्याने या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर केल्या. हस्तांतरणाची नोंद केंद्रीय नोंदणी कार्यालयात होऊ लागली, त्यामुळे एकच बिल दोन ठिकाणी विकले जाण्यास आळा बसला. तरीही बिगर-बँक कंपन्यांपैकी ज्यांचा मुख्य व्यवसाय फॅक्टरिंग आहे त्यांनाच हे काम करता येत होते, आणि त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. २०२१ च्या दुरुस्तीने ती अट सैल केली. त्यानंतर हा व्यवहार मोठ्या शहरांबाहेर येण्याची वाट मोकळी झाली.

हिशेब मांडून पाहिला तर

कोणत्याही वित्तीय सोयीची स्तुती ऐकण्यापेक्षा तिची किंमत मोजणे बरे. वरील बसमालकाचे ३,६०,००० रुपयांचे एक बिल घेऊ. बसमालक व्यक्ती असल्यास शाळा त्यातून १ टक्का आयकर उगमस्थानी कापून घेते, तो ३,६०० रुपये. प्रत्यक्ष येणे राहिले ३,५६,४०० रुपये. वित्तसंस्था या रकमेच्या ८० टक्के, म्हणजे २,८५,१२० रुपये, बिल मिळताच दोन-चार दिवसांत देते असे समजू. उरलेले ७१,२८० रुपये ती राखून ठेवते. साठ दिवसांनी शाळा पूर्ण रक्कम वित्तसंस्थेकडे भरते. वित्तसंस्थेने दरसाल १५ टक्के व्याज आणि बिलाच्या रकमेवर १ टक्का सेवाशुल्क ठरविले असेल, तर व्याज होते सुमारे ७,०३० रुपये, सेवाशुल्क ३,६०० रुपये, आणि त्या शुल्कावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर ६४८ रुपये. एकूण खर्च ११,२७८ रुपये. तो वजा जाऊन राखीव रकमेतील ६०,००२ रुपये मालकास परत मिळतात.

बिलाच्या मानाने हा खर्च शेकडा तीन रुपयांहून थोडा अधिक. परंतु येथे फसगत होण्याचा संभव आहे. वापरावयास मिळाले २,८५,१२० रुपये, तेही साठ दिवस. त्या हिशेबाने दर पडतो दरसाल सुमारे २४ टक्के. गावातील खाजगी सावकार शेकडा तीन रुपये दरमहा घेत असेल तर तेवढ्याच रकमेस दोन महिन्यांचे १७,१०७ रुपये मोजावे लागले असते. त्या मानाने बिल विकणे स्वस्त. उलट बँकेची कॅश क्रेडिट ११ टक्क्यांनी मिळत असेल तर खर्च ५,१५६ रुपयेच आला असता. म्हणून ज्याच्यापाशी तारण आहे आणि ज्याची बँक तयार आहे, त्याने बिल विकण्याच्या वाटेस जाऊ नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ही सोय ज्याच्या गाड्या आधीच कर्जात गहाण आहेत, ज्याच्या नावावर जमीनजुमला नाही, परंतु ज्याचे येणे भरवशाच्या संस्थेकडे आहे, त्याच्यासाठी आहे.

आणखी एक आकडा येथेच नोंदवावा. हेच बिल साठऐवजी एकशेवीस दिवस थकले तर व्याज १४,०६१ रुपयांवर जाते आणि एकूण खर्च १८,३०९ रुपये होतो. दर आठ गाड्यांमागे दरमहा सात हजारांचा हा फरक. शाळेच्या कार्यालयातील दिरंगाईची किंमत मालकाच्या खिशातून जाते; अंती ती पुढील वर्षीच्या भाड्यात, म्हणजे पालकांच्या शुल्कात उतरते, नाहीतर टायरमधून वसूल होते.

पत कोणाची पाहिली जाते

या व्यवहारातील मर्म असे आहे की वित्तसंस्था विकणाऱ्याची पत दुय्यम मानते; प्रथम पाहते ती बिल देणे लागणाऱ्याची. अमेरिकेत विद्यार्थी वाहतुकीत ही पद्धत रुळली आहे त्याचे कारणही हेच. तेथे अनेक शाळा-जिल्हे आपल्या बसगाड्या खाजगी कंपन्यांकडून ठेक्याने चालवितात. शाळा-जिल्हा ही बहुतेक राज्यांत स्थानिक मालमत्ता करातून उत्पन्न मिळणारी सार्वजनिक संस्था असते. ती पैसे उशिरा देईल, पण बुडविणार नाही, हे सर्वांस ठाऊक असते. त्यामुळे लहान बस कंपनीचे बिलही तेथे सहज विकले जाते.

आपल्याकडे चित्र मिश्र आहे. बऱ्याच ठिकाणी पालक आणि गाडीवाला यांच्यात थेट व्यवहार असतो. पस्तीस पालकांकडून पस्तीस दिवशी येणारी रक्कम कोणतीही वित्तसंस्था विकत घेणार नाही, कारण तेथे बिल नाही, स्वीकृती नाही आणि वसुलीचे ठिकाणही एक नाही. अशा मालकास फॅक्टरिंगचा काडीचाही उपयोग नाही. त्याने पालकांशी महिन्याच्या आरंभी आगाऊ शुल्क घेण्याचा नियम करावा, तो अधिक फलदायी. जेथे शिक्षणसंस्था, कारखान्याच्या वसाहतीची शाळा किंवा एखादी स्थानिक संस्था स्वतः करार करून बिल देते, तेथेच या पद्धतीस वाव आहे. ज्या मालकाच्या काही गाड्या शाळेसाठी आणि काही कारखान्याच्या कामगारांसाठी धावतात, त्याला आणखी एक दार उघडे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'ट्रेड्स' नावाची व्यवस्था निर्माण झाली आणि २०१७ पासून ती प्रत्यक्ष चालू झाली. तेथे कंपनीने मान्य केलेल्या बिलावर अनेक बँका दराची बोली लावतात, आणि कंपनीने पैसे न दिल्यास ते लहान उद्योजकाकडून परत मागितले जात नाहीत. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी करण्याचे बंधन २०२४ च्या अधिसूचनेने घातले. कामगारांच्या बसचे बिल तेथे वटवता येते. शाळांचे मात्र तेथे फारसे स्थान नाही.

सर्वत्र असे संरक्षण असते असेही नाही. ट्रेड्सबाहेरील पुष्कळ करार 'परतीच्या हक्कासह' असतात. शाळेने ठराविक मुदतीत पैसे दिले नाहीत तर वित्तसंस्था उचल दिलेली रक्कम मालकाकडूनच परत घेते. बसमालकाने करारावर सही करण्यापूर्वी हे एक कलम तरी कोणाकडून समजावून घ्यावे. तसेच ज्याने बँकेकडून खेळत्या भांडवलाचे कर्ज घेताना आपली सर्व येणी बँकेस तारण लिहून दिली असतील, त्याने बँकेच्या ना-हरकत पत्राशिवाय तीच येणी विकावयास निघणे म्हणजे फौजदारी गुंतागुंतीला आमंत्रण होय.

मुख्याध्यापकांच्या टेबलावरील सूचनापत्र

आता ज्यांच्या हाती सही आहे त्यांच्याविषयी. एखाद्या सकाळी शाळेत एक पत्र येते: अमुक ठेकेदाराने आपले येणे अमुक वित्तसंस्थेस हस्तांतरित केले आहे, यापुढील रक्कम त्या संस्थेच्या खात्यात भरावी. असे पत्र प्रथमच पाहणाऱ्या मुख्याध्यापकांच्या मनात शंका येते की ठेकेदार बुडाला की काय. कोणी ते बाजूला ठेवून देतात, तर कोणी ठेकेदारास बोलावून 'हे लचांड आमच्या गळ्यात कशाला?' असे सुनावतात. यात दोन चुका आहेत. पहिली अशी की हे पत्र दिवाळखोरीची खूण नव्हे. आठवड्याला कांदा विकणारा शेतकरी अडत्याकडून पट्टीची रक्कम उचलतो म्हणून त्यास कोणी बुडालेला म्हणत नाही. दुसरी चूक अधिक महागात पडणारी आहे. हस्तांतरणाची रीतसर सूचना मिळाल्यानंतर कायद्याने रक्कम वित्तसंस्थेस द्यावयाची असते, आणि तिला दिली म्हणजे शाळेचे देणे पूर्णपणे फिटते. जुन्या सवयीने धनादेश ठेकेदाराच्या नावे काढला, तर वित्तसंस्था तीच रक्कम शाळेकडे पुन्हा मागू शकते. लेखापरीक्षणात त्याचे उत्तर देणे कठीण जाईल.

शाळेचे हक्क मात्र या सूचनेने कमी होत नाहीत. गाडी तीन दिवस आली नसेल तर करारानुसार जी कपात करावयाची ती करता येते. म्हणूनच फेऱ्यांची नोंद रोजच्या रोज व्हावी याला महत्त्व आहे. बस आवारात आल्याची वेळ, किलोमीटरचा आकडा आणि शाळेतर्फे एकाची सही, एवढी नोंदवही असली की महिनाअखेर वाद उरत नाही. ज्या बिलावर वाद नाही तेच विकत घेतले जाते. वादाचे बिल वित्तसंस्था परत करते, आणि ते योग्यच आहे.

लहान उद्योगांच्या २००६ च्या कायद्यातही याविषयी तरतूद आहे. सेवा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असे मानले जाते. लेखी करारात कोणतीही मुदत घातली तरी रक्कम देण्यास स्वीकृतीपासून पंचेचाळीस दिवसांहून अधिक काळ घेता येत नाही. करार नसेल तर पंधराच दिवस मिळतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते आणि ठेकेदारास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. यासाठी त्याची 'उद्यम' नोंदणी असावी लागते. २०२० पासून ती विनामूल्य होते. कायदा इतका स्पष्ट असूनही फार थोडे बसमालक या मार्गाने जातात. कारण उघड आहे. परिषदेकडे तक्रार गेली की पुढील जूनमध्ये ठेका दुसऱ्याकडे जातो. ज्याचे पोट ज्या संस्थेवर आहे त्या संस्थेविरुद्ध तो कागद हाती धरीत नाही. तेव्हा ही तरतूद अमलात आणण्याची जबाबदारी तक्रारदारावर सोडून चालणार नाही, ती बिल मंजूर करणाऱ्यांनीच स्वतःहून पाळली पाहिजे. परिवहन समितीच्या बैठकीत गाडीच्या कागदपत्रांबरोबर 'कोणत्या महिन्यापर्यंतचे बिल दिले गेले' हा प्रश्न विचारला गेला, तरी पुष्कळ काम होईल. पंचायत सदस्य किंवा पालक प्रतिनिधी यांना तो विचारण्यास कसलाही संकोच वाटण्याचे कारण नाही.

करारनाम्यातील एका वाक्याकडेही लक्ष वेधले पाहिजे. 'ठेकेदारास हा ठेका अथवा त्याखालील कोणताही हक्क अन्य कोणास देता येणार नाही' असे वाक्य निविदेच्या नमुन्यांत सर्रास आढळते. ते एका नमुन्यातून दुसऱ्यात उतरत आलेले असते. बस चालविण्याचे काम परस्पर तिसऱ्याच्या गळ्यात घालण्यास बंदी असलीच पाहिजे. मुलांच्या सुरक्षिततेचा तो प्रश्न आहे. पण झालेल्या कामाचे पैसे कोणाच्या खात्यात भरावेत याच्याशी मुलांच्या सुरक्षिततेचा विरोध नाही. या दोन गोष्टी करारात वेगळ्या लिहिल्या गेल्या तर लहान ठेकेदाराची वाट विनाकारण अडणार नाही.

मे महिन्याचे काय?

एवढे सारे करूनही उन्हाळ्याचा प्रश्न सुटत नाही, हे कबूल केले पाहिजे. फॅक्टरिंगमध्ये झालेल्या सेवेचे बिल विकले जाते. मे महिन्यात सेवाच नाही, तेव्हा बिल नाही आणि विकावयासही काही नाही. याचा कठोर अनुभव मार्च २०२० नंतर आला. शाळा बंद झाल्या, गाड्या शेडमध्ये उभ्या राहिल्या. राज्यातील शाळा पुन्हा टप्प्याटप्प्याने उघडू लागेपर्यंत अनेक चालकांनी भाजी विकली, काहींनी गाव गाठले. अशा काळात बिल विकण्याची कोणतीही पद्धत उपयोगी पडत नाही.

नेहमीच्या उन्हाळ्यासाठी मात्र दोन साध्या वाटा आहेत. वर्षाची एकूण रक्कम दहाऐवजी बारा समान हप्त्यांत देण्याचा करार शाळेने केला तर मालकास मे-जूनमध्येही रक्कम मिळते आणि शाळेवर एका रुपयाचाही अधिक भार पडत नाही. वरील उदाहरणात दहा महिन्यांचे ३६ लाख रुपये बारा हप्त्यांत विभागले तर दरमहा ३ लाख येतात. अर्थात दहा महिने मालकाने थोडी ओढाताण सोसावयाची, हे त्यात आलेच; आणि आधी केलेल्या कामाचे पैसे शाळेकडे राहणार, तेव्हा शाळा भरवशाची असली पाहिजे. दुसरी वाट मालकाच्या स्वतःच्या हातातील आहे. वित्तसंस्थेकडून राखीव रकमेचा जो भाग दर महिन्यास परत येतो, आपल्या हिशेबात ६०,००२ रुपये, तो घरखर्चात मिसळू न देता त्यातील काही भाग वेगळ्या खात्यात ठेवावा. दरमहा २५,००० रुपये बाजूला पडले तर दहा महिन्यांत अडीच लाख होतात, आणि त्यात आठ गाड्यांच्या टायरांचा आणि ब्रेकच्या कामाचा बराच भाग निघतो. बोलण्यास हे सोपे आहे. दोन महिन्यांचे बिल अडकलेल्या माणसास ते साधत नाही; ज्याला आठवड्यात रक्कम मिळते त्यालाच ते साधण्याचा संभव आहे.

वेळेविषयी एक सूचना उरते. वित्तसंस्था अर्ज आल्याबरोबर पैसे देत नाही. मागील वर्षाची बिले, ती केव्हा वसूल झाली हे दाखविणारे बँकेचे उतारे, शाळेशी झालेला करार आणि शिक्षणसंस्थेचे लेखापरीक्षित हिशेब पाहूनच ती उचलीची मर्यादा ठरविते, आणि यात काही आठवडे जातात. जूनमध्ये धावपळ सुरू झाल्यावर अर्ज करणाऱ्यास पहिली रक्कम गणपतीनंतरच दिसते. नव्या वर्षाचा करार एप्रिलमध्ये, परीक्षा चालू असतानाच झाला, आणि शाळेने आपल्या हिशेबांची प्रत ठेकेदारास त्याच वेळी दिली, तर जुलैच्या बिलावर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे मिळू शकतात.